साहेबाला दिलेला अर्ज आणि बदनामीचं समन्स : विधी आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारताचा तेविसावा विधी आयोग,
नवी दिल्ली

विषय : फौजदारी बदनामीच्या कलमाचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

आपल्या आधीच्या, म्हणजे बाविसाव्या आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारला २८५ क्रमांकाचा अहवाल दिला. विषय होता फौजदारी बदनामी आणि शिफारस होती, हा गुन्हा कायद्यात राहू द्यावा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे वाद, न वटलेले धनादेश, पोटगी आणि अवैध दारूचे खटले यांत आमचा दिवस जातो. अधूनमधून एखादी बदनामीची फिर्याद येते. अशा फिर्यादी मोजक्याच असतात, पण ज्याच्या दारात ते समन्स येतं त्याच्या घराची घडी विस्कटते. अहवालात अब्रूचं मोल भरपूर सांगितलं आहे आणि त्याबद्दल माझा वाद नाही. खेड्यात हे कलम कोण वापरतो आणि कोणावर वापरतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला असं मला वाटतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी तारखा पाहू. कायदा मंत्रालयाने हा विषय आयोगाकडे पाठवला ऑगस्ट २०१७ मध्ये. तेव्हाच्या आयोगाची मुदत संपली. पुढचा आयोग फेब्रुवारी २०२० मध्ये कागदावर स्थापन झाला, पण त्याला अध्यक्ष मिळाले नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात सरकारने फौजदारी कायदे बदलण्यासाठी वेगळीच समिती नेमली. भारतीय न्याय संहिता संसदेत मंजूर झाली आणि २५ डिसेंबर २०२३ ला तिच्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. भारतीय दंड संहितेतलं बदनामीचं जुनं कलम ४९९ आणि ५०० तिच्यात कलम ३५६ होऊन बसलं होतं. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद कायम होती आणि जोडीला सामुदायिक सेवेची शिक्षा नव्याने आली होती. हे सगळं झाल्यावर आयोगाचा अहवाल आला, की हा गुन्हा ठेवावा. आमच्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

आयोग कोणत्याही अधिनियमाने जन्मत नाही, दर तीन वर्षांनी सरकारी आदेशाने उभा राहतो आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे मला ठाऊक आहे. तरीही १९५५ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र भारतातला पहिला आयोग बसला तेव्हापासून आयोगाच्या शब्दाला जे वजन आहे ते त्याने कायद्याच्या आधी बोलण्यामुळे आहे. आपली मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. तोवर हा विषय पुन्हा हाती घ्यायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

आता तालुका कोर्टातलं सांगतो. गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत, एवढी काळजी घेतली आहे.

एका कास्तकाराने गटविकास अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. रोजगार हमीतून झालेल्या पांदण रस्त्याच्या मस्टरवर जी नावं आहेत त्यातली काही माणसं कामावर कधी आलीच नाहीत, एक तर चाकणला कंपनीत कामाला आहे, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी नेहमीप्रमाणे ‘तरी साहेबांनी चौकशी करावी ही विनंती’. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना दिली. हीच गोष्ट तो ग्रामसभेतही बोलला. चौकशी सुरू झाल्याचा कागद कोणाला मिळाला नाही. पुढे त्या कामाशी संबंधित एका वजनदार माणसाने माहितीच्या अधिकारात त्या अर्जाचीच प्रत काढली आणि ती जोडून कोर्टात बदनामीची फिर्याद ठोकली. वेचणीच्या दिवसांत समन्स आलं. सातबारा आणि बँकेच्या पासबुकासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं ते समन्स माझ्या टेबलावर ठेवत तो म्हणाला, “वकील साहेब, म्या तं अर्ज साहेबाले देल्ला होता. गावात थोडीच वाटला?”

कायदा त्याच्या बाजूने आहे का? आहे. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. त्यातला आठवा सरळ सांगतो, की ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. वाचायला फार छान आहे. पण हा अपवाद सिद्ध कोणी करायचा? आरोपीने. कधी? सहसा फिर्यादीचा पुरावा झाल्यावर, म्हणजे समन्स, हजेरी, जमानत, उलटतपासणी, आरोपीचं बयाण एवढं सगळं पार पडल्यावर. शिवाय सद्भावना म्हणजे नुसती नियत साफ असून भागत नाही. जे काळजीपूर्वक आणि लक्ष देऊन केलेलं नाही ते कायद्याच्या लेखी सद्भावनेने केलेलं नाही. फिर्यादीच्या वकिलाचा पहिला प्रश्न तिथेच येतो : अर्ज देण्याआधी तुम्ही मूळ मस्टर तपासलं होतं का? मोजमाप पुस्तिका पाहिली होती का? ज्या कागदांवर साहेबांनी नजर टाकावी म्हणून माणसाने अर्ज दिला, ते कागद त्याने आधी स्वतःच का तपासले नाहीत म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं करायचं. चौकशीची मागणी करणाऱ्याकडे चौकशीचा निकाल आधीच तयार हवा, असाच याचा अर्थ होतो.

आणि नुसतं खरं असूनही भागत नाही. दिवाणी दाव्यात ‘मी बोललो ते खरं आहे’ हा पुरता बचाव असतो. फौजदारीत पहिला अपवाद म्हणतो, की ते खरं हवं आणि ते बोलणं लोकहिताचंही हवं. म्हणजे खऱ्या बोलण्याला दिवाणी कोर्टात भरपाई द्यावी लागणार नाही, पण फौजदारी कोर्टात त्यासाठी शिक्षा होऊ शकते. हा उलटा न्याय २८५ व्या अहवालानंतरही तसाच आहे.

गुन्हा जामीनपात्र आहे, अदखलपात्र आहे, आपसात मिटवता येतो, मग एवढा बाऊ कशाला, असं शहरातले माझे काही वकीलमित्र विचारतात. त्यांच्यासाठी पेशीचा, म्हणजे कोर्टाच्या तारखेचा एक दिवस सांगतो. सकाळची एकच एसटी. ती चुकली तर काळीपिवळी, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. जमानतदार सोबत आणायचा, त्याचा सातबारा आणायचा, त्याचं जेवण-चहा-भाडं आपल्याकडे. अकरापासून कोर्टाच्या ओट्यावर बसायचं. पुकारा दुपारी होतो. तेव्हा फिर्यादीचे वकील अर्ज देतात, की पक्षकार बाहेरगावी आहे, मुदत मिळावी. फिर्यादीने वकील दिला असेल तर त्याची जातीने हजेरी माफ करायची तरतूद आहे. आरोपीलाही अशी माफी मागता येते, नाही असं नाही, पण ती मागावी लागते, मिळाली तर मिळते आणि सगळ्या टप्प्यांना चालत नाही. तिकडे घरचा कापूस बोंडातून लोंबत असतो. वेचायला मजूर मिळाला तरी त्याच्यावर नजर ठेवायला घरचं माणूस लागतं. एखादी पेशी हुकली की वारंट. मग पोलीस गावात येतात, चौकात घर विचारतात आणि ‘याने काय केलं’ ते अख्खं गाव आपापल्या परीने ठरवतं. अब्रूच्या रक्षणासाठी केलेल्या कलमात पहिली अब्रू जाते ती आरोपीची.

त्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा विषय कोणी काढला नाही. सामाजिक अंकेक्षणाला बाहेरची माणसं आली तेव्हाही कोणी तोंड उघडलं नाही. खटल्याचा निकाल काय लागतो याला आता फारसं महत्त्व नाही. फिर्याद दाखल झाली त्याच दिवशी तिचं काम झालं होतं.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक बरी गोष्ट आहे. कलम २२३ प्रमाणे आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला खासगी फिर्यादीची दखल घेता येत नाही. पण ही संधी कशासाठी, तिथे अपवादाचा विचार व्हायचा की नाही, अर्जाची पोच दाखवली तर दंडाधिकाऱ्याने फिर्याद तिथेच निकाली काढायची की नाही, हे कलमात स्पष्ट नाही. त्यामुळे चांगल्या हेतूने आलेली ही तरतूद आमच्याकडे अनेकदा एक पेशी वाढवून जाते. त्याच कलमात दुसरीही गोष्ट आहे. शासकीय सेवकाविरुद्ध त्याच्या कामासंबंधी फिर्याद आली तर त्याचं म्हणणं आणि शिवाय त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आल्याशिवाय दखल घ्यायची नाही. म्हणजे साहेबावर फिर्याद करायची तर साहेबाच्या साहेबाला विचारा. साहेबाने तुमच्यावर केली, तर तुमच्या बाजूने कोणाचा अहवाल मागवायचा हे कुठे लिहिलेलं नाही. उलट कलम २२२ खाली सरकारने मंजुरी दिली की मंत्र्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या वतीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद नेतात. खर्च अर्थातच तुमच्या-आमच्या पैशातून.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सांगून टाकलं आहे, की अधिकाऱ्याच्या सरकारी कामावर टीका झाली तर त्याला बदनामीची भरपाई मागता येणार नाही, अपवाद फक्त सत्याची पर्वा न करता केलेल्या खोट्या विधानाचा. फौजदारी कलमाचं काय, हे तिथे पुढच्या योग्य प्रकरणासाठी ठेवलं गेलं. ते पुढचं प्रकरण सुब्रमण्यम स्वामी यांचं. १३ मे २०१६ ला न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्ल पंत यांनी कलम वैध ठरवलं. अब्रू हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हा त्या निकालाचा कणा, आणि २८५ वा अहवालही त्याच कण्यावर उभा आहे. त्याची फलश्रुती अशी, की भरपाईचा दरवाजा १९९४ पासून बंद असूनही तुरुंगाचा उघडा आहे. घटनेत बसतं म्हणून ठेवलंच पाहिजे असं काही नसतं. वैधता तपासणं हे न्यायालयाचं काम. कायदा शहाणपणाचा आहे का, हे तपासायला तर आयोग असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. एम. एम. सुंदरेश यांनीच एका वृत्तसंकेतस्थळाच्या प्रकरणात, आता हे गुन्ह्याच्या यादीतून काढायची वेळ आली आहे, असं तोंडी बोलून दाखवलं.

इंग्रजांनी दिलेला कायदा इंग्लंडमधून २०१० ला गेला, श्रीलंकेतून २००२ लाच गेला, वगैरे मुद्दे आपल्यासमोर दिल्लीतल्या मंडळींनी मांडलेच असतील. मी त्यात शिरत नाही.

सामुदायिक सेवेबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण ही शिक्षा आली म्हणून कलम सौम्य झालं, तोल साधला गेला, असा अहवालाचा सूर आहे. नागरिक सुरक्षा संहितेने तिची व्याख्या केली आहे : समाजाच्या उपयोगाचं काम, मोबदला नाही. शहरात कोणी वाचनालयात पुस्तकं लावेल, कोणी वाहतूक पोलिसाबरोबर उभा राहील. आमच्या गावात समाजाच्या उपयोगाची जागा कोणती? ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कामावर बोट ठेवणाऱ्याने त्याच ग्रामपंचायतीचं आवार झाडायचं, आणि ज्यांच्याविरुद्ध तो बोलला ते खुर्च्या टाकून बघणार. त्यातही झाडणारा दलित किंवा आदिवासी असेल, तर त्या दृश्याचा गावात काय अर्थ लावला जाईल हे मी सांगायला नको. दंड भरून माणूस निदान घरी तरी जातो. हा विचार कुठल्या मसुद्यात झाला असेल तर तो माझ्या वाचनात नाही.

कैदेचीही एक गोष्ट. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टाने राहुल गांधींना दोन वर्षांची, म्हणजे कमालच शिक्षा दिली आणि खासदारकी गेली. ४ ऑगस्टला आमच्या अमरावतीच्या न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने दोषसिद्धीला स्थगिती देताना विचारलं तेही हेच, की कमाल शिक्षा का दिली याचं कारण निकालात कुठे आहे. एक दिवस कमी असता तर अपात्रता आली नसती. त्यांच्याकडे सर्वोच्च न्यायालयात जायला वकिलांची फौज होती. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात अपात्रतेची रेघ त्याहून खाली आहे, सहा महिन्यांच्या कैदेची. एखाद्या विरोधी सदस्याला बाजूला सारायला बदनामीची एक मध्यम शिक्षाही पुरे.

आता दुसरी बाजू, कारण मी फिर्यादीकडूनही उभा राहिलो आहे. एका अंगणवाडी सेविकेबद्दल गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की ती पोषण आहाराची पाकिटं विकते. ज्याने लिहिलं त्याचा राग वेगळ्याच कारणाचा होता. बाई खंगली. लेकरं पाठवायची की नाही, अशी चर्चा तिच्या दारासमोर व्हायला लागली. दिवाणी दावा करायचा तर मागाल त्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी. म्हणून फौजदारी फिर्याद केली. आरोपीला जेलमध्ये घाला असं ती एकदाही म्हणाली नाही. तिचं म्हणणं एकच, “त्यानं जिथं लिहिलं तिथंच लिहावं, का हे खोटं होतं.” ते करायला लावायची ताकद कलम ३५६ मध्ये नाही. पेश्या होत गेल्या, मानधनाचा दिवस बुडवून ती येत गेली, आणि शेवटी लोकअदालतीत त्याने हात जोडले, आपसात झालं. माफी कोर्टातल्या एका खोलीत मागितली गेली. बदनामी गावात झाली होती. ग्रुपवर आजही तो मजकूर असेल.

गरिबाला अब्रू असते आणि ती श्रीमंताच्या अब्रूहून स्वस्त नसते, हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच माझी तक्रार अशी, की आत्ताचं कलम गरिबाची अब्रू राखतही नाही. ज्याच्याकडे वकील कायमचा लावून ठेवायची ऐपत आहे त्याच्या हातात ते नोटिशीसारखं चालतं. अंगणवाडी सेविकेच्या हाती मात्र पेश्याच येतात.

महाराष्ट्राला या कलमाची ओळख जुनी आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांनी टिळक आणि आगरकरांना याच गुन्ह्यात खेचलं. ज्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला ती बनावट निघाली आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांची चूक झाली होती हे खरं. पण चूक करणारा आणि खोटं पसरवणारा यांच्यात फरक करायला कायद्याला तेव्हा जमलं नाही आणि आजही तो फरक खटल्याच्या शेवटच्या पानावर होतो. त्या दोघांच्या मागे लोक उभे राहिले. पांदण रस्त्यावर बोलणाऱ्याच्या मागे कोण आहे?

माझं मागणं थोडक्यात सांगायचं तर बदनामी फौजदारी कायद्यातून काढून टाकण्याची शिफारस करा. ते लगेच होणार नसेल, तर निदान कैद काढा. आणि काहीही झालं तरी सक्षम अधिकाऱ्याकडे किंवा ग्रामसभेत केलेल्या तक्रारीवरची बदनामीची फिर्याद कोर्टाच्या दारातच अडली पाहिजे. अर्जाची पोच किंवा ग्रामसभेचं इतिवृत्त दाखवलं, की त्या तक्रारीची चौकशी पूर्ण होऊन ती जाणूनबुजून खोटी ठरेपर्यंत दंडाधिकाऱ्याने दखलच घेऊ नये, असं कलम २२३ मध्ये स्पष्ट शब्दांत यावं. ग्रामसभेचं इतिवृत्त बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी, सोयीने लिहिलं जातं, तेव्हा नुसत्या इतिवृत्तावर भिस्त ठेवू नका. राजगोपाल निकालातलं सूत्र फौजदारीलाही लावा. आणि ज्याची खरोखर बदनामी झाली त्याला कमी कोर्ट फीत, थोड्या दिवसांत, जिथे बोललं गेलं तिथेच दुरुस्ती मिळेल असा दिवाणी मार्ग सुचवा : ग्रामसभेत बोलला असेल तर ग्रामसभेत, ग्रुपवर लिहिलं असेल तर ग्रुपवर.

हे ठरवण्याआधी मोजदाद करा. या फिर्यादी पोलीस ठाण्यात नोंदल्या जात नाहीत, म्हणून गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत त्या दिसत नाहीत. पण प्रत्येक तालुका कोर्टाच्या संगणकावर कलमनिहाय नोंद असते. उच्च न्यायालयांकडून ती मागवा. फिर्यादी कोण, आरोपी कोण, मुळात मजकूर कोणता, छापलेला की अर्जातला, किती पेश्या झाल्या आणि शेवट कसा झाला, एवढं जरी विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांपुरतं काढलं तरी अहवालाचा सूर बदलेल असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा निघाला तर तेही छापा.

आणि जनतेचे अभिप्राय मागवाल तेव्हा नोटीस मराठीतही काढा. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तालुक्याच्या बार रूमपर्यंत आणि पंचायत समितीच्या फलकापर्यंत पोहोचवा. ई-मेलबरोबर पोस्टाने आलेलं पत्रही चालेल असं त्यात लिहा. मुदत तीस दिवसांची ठेवू नका, आणि ठेवायचीच असेल तर ती वेचणीच्या हंगामात नको.

कळावे,

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील,
जि. यवतमाळ